वायरमनने हिशोबाचं कोणतं ॲप घ्यावं?

वायरमन, प्लंबर, फॅब्रिकेशनवाले, सगळ्यांचा हल्ली एकच प्रश्न: हिशोबाला कोणतं ॲप घेऊ? कोणी सांगतं टॅली घे, कोणी सांगतं फुकटवालं डाउनलोड कर. माझं मत ॲपच्या नावावर नाही, कामावर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी काय लागत नाही ते बघू. महाराष्ट्रात फक्त सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ई-इनव्हॉइस तर ५ कोटींच्या वरच्यांना. सहा-सात लाखांचं काम करणाऱ्याने बारकोड, गोडाऊन, रिटर्न असलं सगळं पॅकेज घेणं म्हणजे शेळी बांधायला हत्तीचा साखळदंड.

मग वही पुरेल की! रोज लिहीत असाल तर खरंच पुरेल. पण आता पैसे फोनवर येतात आणि ते सरकारला दिसतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवरच्या जमा रकमा बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बेंगळुरूत ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. बाथरूमचं काम ८० हजारांचं. त्यात मजुरी २५ हजार, बाकी ५५ हजार नळ-पाईपचे. ग्राहक सगळे पैसे प्लंबरच्या फोनवर टाकतो. खात्यात दिसतात ८० हजार. अशी वर्षभराची कामं जोडली की २० लाख कधी ओलांडले कळतही नाही. मालाचं बिल ग्राहकाच्या नावाने असेल आणि तेवढेच पैसे दुकानात भरले असतील, तर हे माझे नव्हते असं दाखवता येतं. माल स्वतःच्या नावाने घेऊन ग्राहकाला लावला, तर तो उलाढालीत धरला जातो.

आयकराचंही तसंच. अनुमानित पद्धतीत रोख जमेवर किमान ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के नफा धरतात, मोठी खातेवही लागत नाही. पण धंद्याची जमा नेमकी किती, हे तुम्हालाच सांगावं लागतं.

म्हणून ॲप घेताना एवढंच तपासा:

१. प्रत्येक कामाची मजुरी, माल आणि ॲडव्हान्स वेगळे दिसतात का?
२. शिडीवरून उतरल्या उतरल्या, रेंज नसताना, मराठीत नोंद होते का?
३. दुकानाच्या बिलाचा फोटो जोडता येतो का?
४. सगळा हिशोब एक्सेल किंवा पीडीएफमध्ये बाहेर काढता येतो का? उद्या फोन हरवला किंवा फुकटचं विकत झालं, तर वही आपल्याच हातात हवी.
५. ते तुमचे मेसेज आणि फोनमधले नंबर मागतं का? उधारी लिहायला त्याची गरज काय?

आठवडाभर वापरून बघा. नोंद करायचा कंटाळा आला, तर ते ॲप कितीही भारी असो, सोडून द्या.

आयटीआयमध्ये वायरिंगसोबत हा हिशोबही हाताने करून घ्यायला हवा. आणि आपण ग्राहकांनी एवढं तरी करावं: मालाचं बिल आपल्या नावाने घ्यावं, पैसे थेट दुकानात द्यावेत आणि मिस्त्रीला त्याची मजुरी वेगळी द्यावी. त्याचा अर्धा हिशोब तिथेच सुटतो.

पटलं तर ओळखीच्या मिस्त्रीला पाठवा.