पंचनाम्यात नसलेलं सॉफ्टवेअर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ऑनलाइन जुगारावर छापा पडला की बातमीचा साचा ठरलेला असतो. किती मोबाइल जप्त, किती लॅपटॉप, रोकड किती, आरोपी किती. पडद्यावर फिरणारी आकड्यांची चक्री कोणत्या हिशेबाने थांबत होती, हे सहसा कुणी सांगत नाही. पगार घालवून बसलेल्याला मात्र नेमकं तेच हवं असतं: आपण नशिबाने हरलो, की आपल्याला हरवलं गेलं?

मटक्याच्या काळातही हा प्रश्न होताच. सुरुवातीला पैज लागायची ती न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर. ते भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचे आणि इथल्या बुकीचा हात तिथवर पोहोचत नव्हता. 1961 मध्ये ती सोय संपली. पुढच्याच वर्षी कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी ‘न्यू वरळी’. तीन पत्ते काढायचे, त्यांच्या बेरजेतला शेवटचा आकडा म्हणजे ओपन. पुन्हा तीन काढले की क्लोज. एका आकड्याला नऊपट, जोडीला नव्वदपट असा भाव. जोड्या शंभर आणि मिळणार नव्वद, म्हणजे शंभरातले दहा मालकाचे, हे आकडा लावणाऱ्या हमालालाही ठाऊक होतं. मटका बेकायदा होता, त्याने कित्येक गिरणी कामगारांचे संसार बुडवले, लबाडीला तिथेही जागा होती. त्याची आठवण गोड करून सांगू नये. पण मालकाचा वाटा किती, हे तरी लपलेलं नव्हतं.

आता व्हॉट्सॲपवर एजंटकडून आयडी येतो, यूपीआयने पैसे जातात आणि चक्री फिरते. ती फिरवणारा प्रोग्राम परदेशातल्या एखाद्या सर्व्हरवर असतो. कोणत्या आकड्यावर किती पैसे लागले, हे त्याला निकालाआधीच कळू शकतं. सर्वांत कमी पैसे लागलेला आकडाच काढ, एवढी आज्ञा लिहायला फारसं कौशल्य लागत नाही. महादेव या ऑनलाइन सट्टेबाजीच्या ॲपच्या तपासात सक्तवसुली संचालनालयाने 2023 मध्ये असाच आरोप केला. एकंदरीत पॅनेलचालकाचं, म्हणजे ॲपची शाखा चालवणाऱ्याचं, नुकसान होणार नाही अशा रीतीने तिथले खेळ रचलेले होते, असं त्या यंत्रणेचं म्हणणं आहे.

यावर ‘आमचं सॉफ्टवेअर प्रमाणित आहे’ असं चालकांचं उत्तर तयार असतं. पण सरकारमान्य यंत्रणेतही लबाडी झालेली आहे. अमेरिकेतल्या एका सरकारमान्य लॉटरी संघटनेत माहिती-सुरक्षेचा प्रमुख असलेल्या एडी टिप्टनने आकडे काढणाऱ्या प्रोग्राममध्येच चोरवाट ठेवली होती. वर्षातल्या ठरावीक तारखांना तिथला निकाल आधी ओळखता यायचा. 2017 मध्ये त्याला 25 वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. ‘अल्टिमेटबेट’ या पोकर संकेतस्थळावर तर काही खात्यांना समोरच्याचे झाकलेले पत्ते दिसत होते आणि हे वर्षानुवर्षं चाललं. ते उघडकीला आणलं खेळणाऱ्यांनी. प्रत्येक डावाची नोंद त्यांच्याकडे होती, ती त्यांनी ताडून पाहिली. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या गाळ्यात चक्री खेळणाऱ्याच्या हातात कसली नोंद असते?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, आणि हे योग्यच झालं. मात्र राज्याचा 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा जुगाराच्या अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही गुन्हेगार धरतो. त्यामुळे गाळ्यात हरलेला माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही, आणि त्याच्या गप्प बसण्यावरच चालकाचं फावतं.

बंदी हवी, पण तेवढ्याने भागणार नाही. ठाणे पोलिसांच्या परिमंडळ चारने, ज्याच्या हद्दीत ही तिन्ही शहरं येतात, जप्त केलेले संगणक केवळ मुद्देमाल म्हणून खोलीत रचून ठेवू नयेत. त्यांतले लॉगिन, व्यवहार आणि निकालांच्या नोंदी कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडून तपासून घ्याव्यात. सर्व्हर परदेशात असला तरी इथल्या पॅनेलवर पैसे किती लागले आणि आकडा कोणता आला, हे दोन रकाने शेजारी ठेवता येतात. ते जुळवून चालकाच्या फायद्याचाच आकडा पुन्हा पुन्हा निघालेला दिसला, तर प्रकरण जुगारावर थांबत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 318, म्हणजे फसवणूक, लागू होतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. तेव्हा हरलेला माणूस आरोपी न राहता फिर्यादी होतो. त्याच्या मोबाइलमधले यूपीआयचे व्यवहार आणि एजंटचे संदेश हा पुरावा आहे. 1930 या सायबर हेल्पलाइनवर त्याने फोन केला, तर ‘तू खेळलासच कशाला’ असं न विचारता ते आधी नोंदवून घ्यायला हवेत.