प्रवेशाच्या दिवशीचा नियम

सप्टेंबर 2025 मध्ये ब्रिटनमधल्या विद्यापीठांत एक वर्षाच्या एमएस्सीला दाखल झालेली परदेशी मुले एकाच वर्गात बसली, सारखीच फी भरून. शिक्षण संपताना मात्र त्यांचे दोन गट पडतात. ज्यांचा निकाल वेळेत लागून, शिक्षणानंतर तिथे राहून काम करू देणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज 31 डिसेंबर 2026 पर्यंत जाईल, त्यांना पुढे दोन वर्षे राहता येईल. ज्यांना प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागेल आणि अर्ज जानेवारीवर जाईल, त्यांना दीडच वर्ष. मे 2025 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने स्थलांतरावर श्वेतपत्रिका काढली, तिच्यातून हा बदल आला. पीएचडी करणाऱ्यांची तीन वर्षे तेवढी कायम राहिली.

सहा महिने ही किरकोळ गोष्ट नाही. तिथल्या अनेक मोठ्या कंपन्या पुढच्या वर्षीच्या पदवीधरांची भरती सप्टेंबरपासून सुरू करून हिवाळ्याच्या आत बरीचशी उरकतात. नुकत्याच उतरलेल्या मुलाचे घर, बँक खाते आणि पहिले असाइनमेंट मार्गी लागेपर्यंत तो हंगाम निघून जातो. दुसरा हंगाम निकालाच्या तोंडावर येतो. तिसऱ्या हंगामात हाती पदवी असते, थोडा अनुभवही असतो. पण त्या वेळी निवड झाली तरी रुजू होण्याची तारीख बहुधा पुढच्या सप्टेंबरची. जानेवारी 2027 मध्ये दीड वर्षाचा व्हिसा मिळालेल्याची मुदत 2028 च्या उन्हाळ्यातच संपते. इकडे पुण्या-नाशिकच्या घरात शिक्षणकर्जाचा हप्ता त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

तरीही ब्रिटिश सरकारची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये वृद्धांची आणि आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करसाठी व्हिसा खुला झाला. तेव्हा विद्यापीठात प्रवेश घ्यायचा, काही महिन्यांत वर्ग सोडायचा आणि कामाच्या व्हिसावर स्विच करायचे, अशी वाट मोकळी होती. 17 जुलै 2023 पासून ती बंद झाली. आता अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय, आणि पीएचडीला दोन वर्षे भरल्याशिवाय, कामाचा व्हिसा घेऊन रुजू होता येत नाही. ज्याचे पैसे मध्येच संपले त्या मुलाला हा नियम जाचतो, हे आम्ही नाकारत नाही. पण ते दार उघडे ठेवले तर शिकायला आलेला आणि शिक्षणाचे निमित्त करून आलेला यांतला फरक पुसला जातो आणि संशयाचे ओझे खऱ्या विद्यार्थ्याला वाहावे लागते. ‘आधी शिक्षण पुरे करा’ ही अट रास्त आहे.

ग्रॅज्युएट व्हिसाचे, आपली मुले ज्याला अजूनही पीएसडब्ल्यू (पोस्ट स्टडी वर्क) म्हणतात त्याचे, तसे नाही. मे 2024 मध्ये सरकारच्याच मायग्रेशन ॲडव्हायझरी कमिटीने तो तपासला. मोठ्या प्रमाणावर गैरवापर आढळत नाही, व्हिसा आहे तसा चालू ठेवावा, असे तिने सांगितले. परदेशी विद्यार्थ्यांची फी विद्यापीठांना किती आधार देते, हेही तिने दाखवले. पण त्याच अहवालात एजंटांकडून होणाऱ्या दिशाभुलीबद्दल चिंता होती, आणि या व्हिसावरचे अनेक जण सुरुवातीला कमी पगाराच्या कामात असतात ही नोंदही होती. हा व्हिसा घेणाऱ्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक भारतीय होते. म्हणून ही नोंद आपल्याला वगळता येणार नाही. पदवीच्या तोडीचे काम सगळ्यांना मिळत नसेल तर इतका काळ कशाला, हा श्वेतपत्रिकेतला प्रश्न अन्यायाचा नाही.

जास्त मुदत म्हणजे निव्वळ फायदा, असेही नाही. त्यानंतरही राहायचे तर स्किल्ड वर्कर हा कामाचा व्हिसा लागतो. त्यासाठी पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला 26,200 पौंड होती; एप्रिल 2024 मध्ये ती 38,700 झाली आणि जुलै 2025 मध्ये 41,700. नव्याने नोकरीत येणाऱ्याला सवलतीने 33,400 पौंड चालतात, पण ही सवलत फार तर चार वर्षांची, आणि ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेला काळ त्या चारांतच मोजला जातो. शिवाय थेट विद्यार्थी व्हिसावरून स्किल्ड वर्करवर घेतले तर कंपनीला इमिग्रेशन स्किल्स चार्ज भरावा लागत नाही. ग्रॅज्युएट व्हिसावरून घेतले तर भरावा लागतो. म्हणजे ज्याच्या हातात स्पॉन्सरशिप देणारी ऑफर आहे, त्याने आधी पीएसडब्ल्यू घेऊन मग स्विच करण्यात तोटाच आहे. हे गणित सीट भरताना मुलांना कुणीतरी समजावून सांगायला हवे.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी समजून घ्यावी. जुना व्हिसा संपण्याआधी तिथूनच अर्ज केला, तर निर्णय लागेपर्यंत 1971 च्या इमिग्रेशन कायद्याचे कलम 3सी त्या मुलाला संरक्षण देते. जुन्या अटींवर राहता येते, जुन्या अटींइतके कामही करता येते. पण निर्णय येण्याआधी देश सोडून भारतात यायला निघाले की अर्ज मागे घेतला असे धरतात. आजी आजारी पडते, बहिणीचे लग्न ठरते, आणि ‘दोन दिवस येऊन जा’ म्हणणाऱ्या आईला आपण का येऊ शकत नाही हे मुलीला फोनवर समजावता येत नाही. ज्यांना परवडते ते 500 पौंड जास्त मोजून लवकर निर्णय मागतात. अर्ज तिथूनच करण्याची सोय मोलाची आहे, पण तिची ही किंमत आहे आणि ती आधी माहीत असावी.

ब्रिटनला नियम बदलण्याचा अधिकार आहे. व्हिसा हा करार नाही. शिक्षणानंतरच्या कामाचा व्हिसा एप्रिल 2012 मध्ये बंद झाला, 1 जुलै 2021 ला नव्या रूपात परत आला, आता आखडतो आहे. आमची तक्रार मुदत दीड वर्ष असण्याबद्दल नाही. दीडच वर्ष मिळणार हे आधी सांगितले असते तर त्याप्रमाणे कर्ज काढले असते, किंवा काढले नसते. बाबासाहेब आंबेडकरांना 1917 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने दिली होती. त्या भरवशावर त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पैसे साठवले, 1920 मध्ये ते परत गेले आणि 1923 मध्ये डीएस्सी झाले. चार वर्षे ही काही उदार मुदत नव्हती. पण ती मधेच तीन झाली नाही.

पुढे येणाऱ्या सगळ्या सरकारांना मागच्या शब्दाने बांधता येत नाही, असे यावर म्हटले जाईल. पण ब्रिटननेच याआधी असा शब्द पाळला आहे. 4 एप्रिल 2024 पूर्वीपासून स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्यांना मुदतवाढ घेताना पगाराची कमी अट लावली जाते. जुलै 2025 मध्ये परदेशातून नवे केअर वर्कर घेणे थांबले, तेव्हाही आधीच तिथे असलेल्यांना काही अटींवर जुलै 2028 पर्यंत त्या व्हिसावर स्विच करण्याची मुभा राहिली. कामगारांना दिलेली ही सवड फी भरून आलेल्या विद्यार्थ्याला नाकारण्याचे कारण दिसत नाही. त्यासाठी नवी यंत्रणाही लागत नाही. प्रवेश पक्का झाल्यावर विद्यापीठ प्रत्येक विद्यार्थ्याला कॅस क्रमांक देते. त्यावर तारीख असते. त्या तारखेला जी मुदत होती, तीच त्या विद्यार्थ्याला लागू करावी, मग त्याचा निकाल डिसेंबरात लागो की जानेवारीत.