खोटा निषेध, खरा सिनेमा

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच मित्रांनी वीस मिनिटांची एक शॉर्टफिल्म केली. विषय होता पुण्यात भाड्याने घर शोधण्याचा. ब्रोकरशी सगळं ठरतं, डिपॉझिटपर्यंत बोलणी होतात, आणि नाव सांगितलं की तोच फ्लॅट 'कालच गेलेला' असतो. फिल्म एका छोट्या महोत्सवात निवडली गेली, पण वेळ मिळाली सकाळी साडेनऊची. एवढ्या सकाळी कोण येणार?

ग्रुपवर एकाने मेसेज टाकला, "भाई, चार पोरं उभी करू. गेटवर घोषणा देतील, ही फिल्म बंद करा म्हणून. आपण व्हिडिओ काढू. संध्याकाळपर्यंत व्हायरल!"

खोटं कशाला बोलू, मला ती आयडिया आवडली. मी तर कॅप्शनही लिहून ठेवली होती.

तेवढ्यात, जिच्या अनुभवावर आमची फिल्म बेतली आहे त्या मैत्रिणीने एकच प्रश्न विचारला. "त्या चार पोरांच्या गळ्यात कुठल्या रंगाचं उपरणं घालणार आहात?"

ग्रुप गप्प झाला.

फिल्म महोत्सव आणि स्टंट यांचं नातं जुनं आहे. १९९९च्या सनडान्स महोत्सवात 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'च्या लोकांनी 'हे तिघे बेपत्ता आहेत' अशी पत्रकं लावली. तिघेही कलाकार होते आणि जिवंत होते. वेबसाइटवरही हीच कहाणी खरी म्हणून मांडली होती. आर्टिझन कंपनीने सुमारे ११ लाख डॉलरला घेतलेल्या या फिल्मने जगभरात जवळजवळ २५ कोटी डॉलर कमावले. मार्केटिंगच्या वर्गात आजही हे उदाहरण कौतुकाने सांगितलं जातं.

त्याची दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. कलाकारांनी आपली खरी नावं फिल्मला दिली होती. ते 'मेलेले' असल्यामुळे त्यांना प्रसिद्धीपासून दूर ठेवलं गेलं. हेदर डॉनह्यूच्या आईला लोकांनी सांत्वनाची कार्डं पाठवली. आणि २०२४ मध्ये, पंचवीस वर्षांनंतरही, हे तिघे आपल्या कामाचा योग्य मोबदला जाहीरपणे मागत होते. स्टंटचा फायदा एकाला झाला, किंमत दुसऱ्याने मोजली.

आमच्या स्टंटची किंमत कोणी मोजली असती? पहिल्यांदा, ज्यांनी काहीच केलं नाही त्यांनी. उपरणं घातलेली पोरं आमचीच, आणि आरोप मात्र दुसऱ्यांवर. आपल्याबद्दलचे बनावट व्हिडिओ फिरतात तेव्हा आपण जे म्हणतो, तेच त्यांना म्हणायचा हक्क मिळाला असता. शिवाय अशा व्हिडिओने एखाद्या गल्लीत खरीच दगडफेक झाली असती, तर तो कोणत्या तोंडाने डिलीट केला असता?

दुसरी किंमत त्या मैत्रिणीने मोजली असती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर बंद पडला की रात्री तीन वाजता फोनवर अलर्ट येतो. खोटे अलर्ट वारंवार येऊ लागले की माणूस फोन सायलेंट करून झोपतो, आणि मग एके रात्री सर्व्हर खरंच पडतो. आपल्या तक्रारींचंही असंच आहे. एक बनावट तक्रार उघडी पडली की पुढच्या दहा खऱ्या तक्रारींना लोक 'हाही स्टंटच' म्हणणार. तिला खरोखर पाच घरं नाकारली गेली, हेही मग खोटं ठरलं असतं.

म्हणजे लक्ष वेधूच नये का? अवश्य वेधावं. २०१०च्या कान महोत्सवात इराणचे दिग्दर्शक जाफर पनाही यांना ज्युरीत बोलावलं होतं, पण ते तेहरानच्या तुरुंगात होते. महोत्सवाने त्यांची खुर्ची रिकामी ठेवली. ज्युलिएट बिनोशने आपला पुरस्कार घेताना त्यांच्या नावाची पाटी हातात धरली. साऱ्या जगाने ते पाहिलं. एक खुर्ची, एक पाटी, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्यातून आम्हीही शिकलो. चार पोरं रद्द केली. हॉलच्या बाहेर एक बंद दार उभं केलं, त्याला कुलूप घातलं आणि वर पाटी लावली, 'घर भाड्याने देणे आहे'. शेजारी चिठ्ठ्या आणि पेन ठेवले. घर शोधताना तुम्हाला विचारलेला सर्वांत वाईट प्रश्न लिहा आणि दाराला चिकटवा, एवढंच आवाहन. हे नाटक आहे, हे सगळ्यांना दिसत होतं.

हॉल अर्धाच भरला. व्हायरल काहीही झालं नाही. पण दारावरच्या चिठ्ठ्या आम्ही जपून ठेवल्या आहेत. 'आडनाव काय?' 'नॉनव्हेज खाता का?' 'नवरा कुठे असतो?' 'गाव कुठलं, म्हणजे जात कळेल.' लिहिणारे सगळे मुसलमान नव्हते. खोट्या निषेधाने ज्यांना आम्ही समोरच्या बाजूला उभं करणार होतो, त्यांच्यातलेही काही त्यात असतील.

तुमच्यापैकी अनेकजण आज मोबाइलवर फिल्म करत आहेत. करा, आणि ती लोकांपर्यंत न्यायला हवी तेवढी धडपडही करा. फक्त कॅप्शन लिहिण्याआधी स्वतःला विचारा, उद्या हे कसं घडवलं ते कोणी विचारलं, तर मला सगळं सांगता येईल का? सांगता येत असेल तर बिनधास्त पोस्ट करा.