झाकली मूठ कोणाची?

‘अग्रगण्य बहुराष्ट्रीय कंपनीस तंत्र-साहाय्यक पाहिजेत. इंग्रजी संभाषण उत्तम असावे. पाळ्या फिरत्या. वेतन प्रचलित प्रमाणानुसार.’ अशा धर्तीची जाहिरात ज्याच्या मोबाइलवर आलेली नाही असा पदवीधर तरुण आज बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत शोधूनही सापडावयाचा नाही. टेक सपोर्ट हे त्या कामाचे चालू नाव. सातासमुद्रांपलीकडील कोणा गृहस्थाचा संगणक अडला की त्याने दूरध्वनी करावा आणि आमच्या मुलाने पुण्यातून किंवा बंगळूरमधून त्याची अडचण सोडवावी, असे हे काम आहे. काम प्रामाणिक आहे. त्यास बुद्धी लागते, आणि बुद्धीपेक्षाही अधिक धीर लागतो. त्या कामास आमचा आक्षेप नाही. आमचा आक्षेप आहे तो त्या कामाच्या दारावर लावलेल्या पडद्यास.

ही जाहिरात पुन्हा एकदा वाचून पाहावी. कंपनीचे नाव त्यात नाही. पगाराचा आकडा नाही. काम कोठे, कोणत्या वेळी, कोणाच्या ग्राहकांसाठी, यांपैकी काहीच नाही. ‘अग्रगण्य’ हे विशेषण तेवढे आहे. पण ज्याने नावच लपविले आहे तो कोणाच्या अग्रभागी उभा आहे हे ओळखावे कसे? उलट उमेदवाराकडून काय मागितले जाते? मागील तीन महिन्यांची पगारपत्रके, बँकेचे उतारे, प्राप्तिकराचा फॉर्म १६, आधार, पॅन, पूर्वीच्या वरिष्ठांचे दूरध्वनी क्रमांक आणि वर ‘आपली अपेक्षा किती?’ हा प्रश्न. त्याने आकडा कमी सांगितला तर तोच कायम होतो. अधिक सांगितला तर पुढचे बोलावणे येत नाही, आणि का आले नाही हेही कोणी कळवीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आमच्या पूर्वजांनी गरिबाची अब्रू राखली जावी म्हणून प्रचारात आणली. सव्वा लाखवाल्याने गरिबासमोर मूठ झाकावी आणि गरिबाची मूठ मात्र उघडून पाहावी, यासाठी नव्हे.

हा पडदा एकपदरी नाही. यंत्र किंवा सॉफ्टवेअर बनविणारी मूळ कंपनी एक. ग्राहकांच्या तक्रारी निस्तरण्याचा मक्ता घेणारी दुसरी. आणि त्या मक्तेदारास माणसे पुरविणारी तिसरी. आमचा तरुण बसलेला असतो तो या तिसरीच्या बाहेरच्या खोलीत. नेमणूक कोणाच्या नावाने होणार, भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार, मक्ता संपला की आपले काय होणार, हे त्याने विचारले तर उत्तर ठरलेले : ‘निवड झाल्यावर कळेल.’ कामाच्या स्वरूपाबाबतही तोच प्रकार. या व्यवसायात पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवरचा माणूस दूरध्वनी घेतो, तक्रार नोंदवितो, विसरलेला पासवर्ड बदलून देतो. गुंतागुंतीचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या पायरीकडे जाते. संगणकशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलास ‘तंत्र-साहाय्यक’ म्हणून बोलवावे आणि वर्षानुवर्षे पहिल्या पायरीवर बसवावे, किंवा थेट वस्तू विकावयास लावावे, हे जाहिरातीतील चार शब्दांच्या आडोशाने सहज जमते. वेळेचेही तसेच. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा येथे सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणजे ‘फिरती पाळी’ या गोड नावाखाली बहुधा पहाटे साडेतीनपर्यंतची जागरणे असतात, गणेशचतुर्थीची सुटी असेलच असे नाही, आणि मुलगी असेल तर त्या प्रहरी घरी पोहोचविण्याची व्यवस्था कोणाची, हा आईबापांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर जाहिरातीत सहसा नसते.

कंपन्यांच्या बाजूचे म्हणणे आम्ही ऐकलेले आहे. ग्राहक-कंपनीशी आमचा गोपनीयतेचा करार आहे. प्रतिस्पर्ध्यांस आमचे बेत कळता कामा नयेत. पगार जाहीर केले तर जुने नोकर कुरकुरतील. यांतील पहिल्या दोहोंत तथ्य आहे. यंत्राचे आराखडे, ग्राहकांची खाजगी माहिती, येऊ घातलेला माल, ही गुपिते राखलीच पाहिजेत. नोकरीस लागलेल्या माणसानेही ती राखली पाहिजेत. परंतु मालकाचे नाव, कामाच्या वेळा आणि महिन्याचा पगार ही व्यापारी गुपिते कधीपासून झाली? आणि जुने नोकर कुरकुरतील हे कारण तर मोठे बोलके आहे. नव्यास आपण किती देतो हे जुन्यास कळले तर तो चिडेल, असे जो मालक स्वतःच सांगतो, त्याच्या हिशेबात काहीतरी काळेबेरे आहे याची कबुली त्यानेच दिलेली नाही काय?

कायदा या बाबतीत काय म्हणतो? २००५ च्या माहितीच्या अधिकाराने सरकारच्या कपाटाची किल्ली नागरिकाच्या हाती दिली. खाजगी कंपनीच्या दारापाशी तो कायदा थबकतो. कायद्यान्वये सरकारी कार्यालयास मिळू शकणारी खाजगी संस्थेची माहिती तेवढी त्यातून मागता येते. रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविल्याच पाहिजेत असे बंधन १९५९ च्या कायद्याने पंचवीस वा अधिक नोकर असलेल्या खाजगी आस्थापनांवर घातले होते. पण भरती त्या कार्यालयामार्फत करण्याची सक्ती त्यात नव्हती, आणि सेवायोजन कार्यालयाच्या पायऱ्या झिजवून टेक सपोर्टची नोकरी मिळाली असे निदान आमच्या तरी ऐकिवात नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. नियुक्तिपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे, ही चांगली गोष्ट. परंतु नियुक्तिपत्र मिळते ते घरात शिरल्यावर. तरुण अडतो तो उंबरठ्याबाहेर.

येथे एका जुन्या कायद्याचे स्मरण करून देणे अवश्य आहे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने मालकास सांगितले होते की, कामाच्या अटी लेखी ठरवा आणि त्या इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेत ठळकपणे लावा. कामगारास त्याच्या भाषेत अटी कळल्या पाहिजेत, हे तत्त्व भाषावार प्रांतरचनेच्या दहा वर्षे आधी या देशाच्या कायद्यात आले होते! पुढे काय झाले? माहिती तंत्रज्ञानाच्या उद्योगास कर्नाटक सरकारने या कायद्यातून सूट दिली, तिला वेळोवेळी मुदतवाढ दिली आणि जून २०२४ मध्ये ती आणखी पाच वर्षांनी वाढविली. संगणक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा विरोध विधानसौधाच्या भिंतींनी परतविला. जो उद्योग जगास माहिती पुरविण्याचा धंदा करतो, त्यालाच आपल्या नोकरांस माहिती देण्यातून सवलत हवी, आणि सरकारने ती हसत हसत द्यावी, यास काय म्हणावे?

सीमाभागातील मुलापुढे याखेरीज आणखी एक अट असते, आणि ती कागदावर क्वचितच येते. बंगळूरच्या मुलाखतीस तो रात्रीच्या गाडीने जातो, दोन फेऱ्या पार करतो, आणि तिसरीत त्यास विचारले जाते, ‘कन्नड लिहिता-वाचता येते ना?’ काम अमेरिकेच्या ग्राहकांचे, भाषा इंग्रजी. मग हा प्रश्न कशासाठी, हेही गुपितच. कन्नड भाषेविषयी आम्हांस द्वेष नाही. शेजारधर्माने ती आमच्या कित्येक घरांत बोलली जाते. अट घालावयाची असेल तर ती जाहिरातीत घाला, म्हणजे गाडीभाडे तरी वाचेल. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खाजगी नोकऱ्यांत व्यवस्थापनाच्या जागांपैकी पन्नास टक्के व इतर जागांपैकी सत्तर टक्के ‘स्थानिकांस’ राखून ठेवणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा स्थानिक कोण याच्या व्याख्येत जन्म आणि पंधरा वर्षांचे वास्तव्य यांबरोबर कन्नड बोलता, लिहिता व वाचता येण्याची अट होती. पिढ्यान् पिढ्या येथेच नांगर धरलेला मराठी माणूस त्या व्याख्येने परका ठरला असता. उद्योगपतींनी ओरड केली आणि विधेयक दोन-तीन दिवसांत बासनात गेले. ते आमच्यासाठी गेले असा भ्रम कोणी बाळगू नये. आणि महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. त्या वर्षी जन्मलेले मूल आज शिक्षण संपवून हाच मोबाइल हाती घेऊन बसले आहे. निकालाची वाट पाहण्यास आम्ही तयार आहोत. त्याच्या पोटास तसे सांगता येत नाही.

गुप्ततेचा सर्वांत मोठा फायदा कोणास होतो, तर चोरास. प्रामाणिक कंपनीची जाहिरात निनावी आणि ठकाचीही निनावी; मग पारख करावी कशावरून? थायलंडमध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्या देतो म्हणून सांगून तरुणांस म्यानमारच्या हद्दीत नेऊन डांबण्यात येते, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच दिला होता. तरीही मार्च २०२५ मध्ये त्या छावण्यांतून सुटलेल्या पाचशे एकोणपन्नास भारतीयांस हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. देशातही टेक सपोर्टचेच नाव लावून परदेशी वृद्धांस लुबाडणाऱ्या अड्ड्यांवर केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र’ या नावाने २०२२ पासून छापे घातले. अशा अड्ड्यावर पहिल्या दिवशी जाऊन बसणारा प्रत्येक मुलगा ठक असतो काय? पोलीस दार ठोठावतात तेव्हा मात्र पहिल्या हातकड्या त्याच्याच हातांत पडतात.

हे असेच चालावयाचे, असे जे म्हणतात त्यांनी जरा बाहेर पाहावे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०२१ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची मर्यादा छापावी लागते. न्यूयॉर्क राज्यात सप्टेंबर २०२३ पासून. युरोपीय संघाने २०२३ मध्ये निर्देश काढून उमेदवारास प्रारंभीचा पगार आधी सांगावा असे ठरविले आणि त्याच्या मागील पगाराची विचारपूस करण्यास मनाई केली; सदस्य राष्ट्रांनी तसे कायदे करण्यास ७ जून २०२६ ही मुदत दिली. म्हणजे डेन्व्हरच्या मुलास जो आकडा छापून दाखविणे भाग आहे तो खानापूरच्या मुलापासून लपविण्यास मोकळीक आहे, आणि तीही बहुधा त्याच कंपनीस!

महाराष्ट्र सरकारकडे आमचे मागणे आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कचेऱ्यांत सीमाभागाची मुले मोठ्या संख्येने काम करतात. विधिमंडळात सीमाप्रश्नाचे ठराव एकमताने होतात, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. आता नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत मालकाचे नाव, पगाराची मर्यादा, कामाचे ठिकाण व वेळ, भाषेची अट आणि बंधपत्र असल्यास त्याची रक्कम छापणे सक्तीचे करणारा कायदा महाराष्ट्राने करावा. सीमाभागातील मुलांस त्याचा उपयोग ठरावाहून लवकर होईल.

तोवर तरुणांनी स्वतःची राखण स्वतः करावी. कंपनीचे पूर्ण नाव लेखी मागावे आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते नोंदलेले आहे की नाही हे पाहावे. त्यास पैसा पडत नाही. परदेशची नोकरी असेल तर दलालाचे नाव ई-मायग्रेटच्या यादीत पाहावे. अनामत मागणाऱ्याच्या पायरीवरून तेथूनच मागे फिरावे. ज्यांस नकार येतो त्यांनी कारण लेखी विचारावे. उत्तर न आल्यास तसे आम्हांस कळवावे.

जुन्या काळी वर्तमानपत्रांत पेटी क्रमांकाच्या जाहिराती येत, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्या पेटीमागचे नाव निदान संपादकाच्या कचेरीत नोंदलेले असे. येत्या सोमवारपासून आमच्या छोट्या जाहिरातींच्या सदरात मालकाचे नाव, पत्ता आणि पगार यांविना नोकरीची जाहिरात स्वीकारली जाणार नाही. जाहिरातदारांनी मजकूर शनिवारी सायंकाळी पाचपर्यंत कचेरीत आणून द्यावा.