तरुणांशी हितगूज : गाण्याचे माप कोणते?

वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या कवी-गायकांनी भीमगीते घराघरांत पोहोचविली. मुंबईच्या कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्स' या बँडने हाच विचार रॉक संगीतातून मांडला. आमच्या उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधील मुलांनाही आता गिटार आणि ड्रम जवळचे वाटतात. आम्ही त्यांचे स्वागतच करतो. मात्र घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "आवाज खूप आहे, पण बाबासाहेबांविषयी काय म्हटले ते कळले नाही." हा दोष गिटारचा नाही, मिक्सिंगचा आहे.

गायकाचा आवाज व प्रत्येक वाद्य वेगवेगळे ध्वनिमुद्रित करतात. मग कोण किती मोठे वाजावे हे ठरवितात, ते मिक्सिंग. तासन् तास ऐकून कान थकतात आणि फसवतात. म्हणून एखादे उत्तम तयार गाणे शेजारी ठेवून आपले काम त्याच्याशी ताडून पाहावे. त्याला रेफरन्स ट्रॅक म्हणतात. दुकानातला काटा प्रमाणित वजनाने तपासतात, तसेच हे.

पण वजनच खोटे निघाले तर? पुष्कळ मुले सर्वांत दणदणीत गाणे माप म्हणून निवडतात. 'मेटालिका' या जगप्रसिद्ध बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) हा अल्बम इतका दाबून मोठा केला होता की, त्यांच्या चाहत्यांनीच तक्रार केली. नाव मोठे असले म्हणजे माप खरे असते असे नाही.

आमच्या मते तीन गाणी पुरेत. हळू आणि जोरकस भागांतला फरक समजण्यासाठी 'ओपेथ'च्या 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१) मधील एक. प्रत्येक वाद्याला जागा कशी द्यावी यासाठी 'पिंक फ्लॉइड'च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) मधील एक. आणि तिसरे आपले, प्रल्हाद शिंदे यांचे भीमगीत. ढोलकी कितीही रंगली तरी शब्द पुढेच राहतो, हे त्यातून शिकावे. मेटलची गिटार नेमकी माणसाच्या आवाजाच्या पट्टीत घुसते. व्यंजनांचा स्पष्टपणा साधारण २००० ते ४००० हर्ट्झमध्ये असतो. गाणे सुरू असताना तेथे गिटार थोडी कमी करावी.

तुलना करताना दोन्ही गाणी सारख्याच आवाजात लावावीत. तयार गाणे मुळातच मोठे असते आणि मोठे ते कानाला चांगले भासते. म्हणून ते खाली आणावे. ध्रुवपद ध्रुवपदाशी, कडवे कडव्याशी ताडावे. पत्र्याच्या लहान खोलीत खर्जाचा आवाज फसवा येतो. त्यामुळे दोन्ही गाणी आधी त्याच खोलीत, मग मोबाइलवर आणि शेवटी जयंतीच्या स्पीकरवर ऐकावीत.

मुलांनो, अखेरची परीक्षा घरातच आहे. शब्दांचा कागद न देता आईला गाणे ऐकवा आणि काय समजले ते विचारा. केवळ ऐकीव आहे वा थोरांनी सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. गाण्याचे मापही तसेच पारखून घ्यावे. आपल्या गाण्यातला विचार गोंगाटात बुडाला, तर एवढी मेहनत कोणासाठी?

जय भीम!