चार्टने काढलं की तुम्ही?

बिनागुडी, पश्चिम बंगाल

आज पोस्टिंगच्या जागेबद्दल काही नाही. डुआर्सचा पाऊस, चहाचे मळे, रात्री रेंजपर्यंत येणारे हत्ती, हे सगळं पुढच्या वेळी. आज भांडायचं आहे, आणि तेही बेसबॉलवरून. आमच्या बॅरेकमध्ये हा खेळ पाहणारा मी एकटाच. बाकीचे विचारतात, "उस्ताद, ये गिल्ली-डंडा कब खतम होगा?" पण विषय तुमच्या-माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

हे वेड लागलं २०१८ च्या सप्टेंबरात. रानीखेतजवळ चौबटियाला अमेरिकी फौजेबरोबर 'युद्ध अभ्यास' होता आणि मी सिग्नलचा माणूस म्हणून जोडून दिलेलो. त्यांच्या तुकडीत एक सार्जंट होता, बोस्टनकडचा. संध्याकाळी चहाच्या मगवर तो फोनवरचे तुकडे दाखवून खेळ समजावायचा. त्या वर्षी त्याचा संघ, बोस्टन रेड सॉक्स, साखळीत १०८ सामने जिंकला आणि पुढे अजिंक्यही ठरला. संघाचा हिरा मूकी बेट्स. उंचीने आपल्यातलाच वाटावा असा, पण फलंदाजी, पळणं, झेल, फेक, सगळ्यात अव्वल. त्या मोसमात अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच. मीही बेट्सचा झालो आणि आपोआप बोस्टनचा.

दीड वर्षात, फेब्रुवारी २०२० मध्ये, बोस्टनने बेट्सला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे देऊन टाकलं. सोबत डेव्हिड प्राइस हा महागडा पिचरही. बदल्यात तीन तरुण घेतले: ॲलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. सार्जंटचा एका ओळीचा मेसेज आला: "आमचा पोरगा विकला."

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

२७ ऑक्टोबर २०२०. अंतिम मालिकेचा सहावा सामना, डॉजर्स विरुद्ध टॅम्पा बे रेज. डॉजर्स ३-२ ने पुढे, म्हणजे रेज हरले तर खेळ खलास. आपल्याकडे २८ तारखेची पहाट होती. आदल्या दिवशीच इन्फंट्री डे झालेला. मी राजस्थानात, रात्रीची ड्यूटी उतरवून बसलो होतो. चित्र दिसण्याइतकं नेट नव्हतं, एकेका चेंडूची ओळ तेवढी येत होती.

रेजचा पिचर ब्लेक स्नेल. पाच डाव पूर्ण झालेले, सहाव्यात एक बाद. तोवर त्याने नऊ जणांना स्ट्राइकआउट केलं होतं, फक्त दोन हिट दिले होते आणि एकही धाव दिली नव्हती. चेंडू टाकले होते ७३. डॉजर्सचे पहिले तीन फलंदाज, बेट्स, सीगर आणि टर्नर, त्याच्यापुढे प्रत्येकी दोनदा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट होऊन परत गेले. रेज १-० ने पुढे. दुसरा हिट पडला, एक माणूस पहिल्या बेसवर पोचला, आणि मॅनेजर केव्हिन कॅश मैदानात चालत आला. स्नेलला काढलं.

क्रिकेटवाल्यांनी इथे एक नियम लक्षात घ्यावा. आपल्याकडे कप्तान गोलंदाजाला विश्रांती देतो आणि पाच षटकांनी परत आणतो. बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला माणूस त्या सामन्यात परत येत नाही. गेला तो गेला.

त्याच्या जागी आला निक अँडरसन. बेट्सने त्याला डबल मारला. मग एक चेंडू कॅचरच्या हातून सुटला आणि बरोबरी झाली. सीगरचा साधा जमिनीवरचा फटका आणि तेवढ्यात बेट्स घरी पोचला. १-२. आठव्या डावात बेट्सने होमरनही मारला. १-३, मालिका संपली. स्नेल गेलेला पाहून बरं वाटलं, हे बेट्सने नंतर बोलून दाखवलं. शत्रूला ज्याने हायसं वाटतं तो निर्णय कसला, हे सांगायला स्टाफ कॉलेज लागत नाही.

आकडेवाल्यांची बाजूही मांडतो, नाहीतर वाद एकतर्फी होईल. फलंदाज एकाच पिचरसमोर तिसऱ्यांदा येतो तेव्हा त्याला चेंडू ओळखीचा झालेला असतो आणि तो जास्त मारतो. हे अनेक वर्षांच्या हिशेबातून सिद्ध झालेलं आहे, मलाही मान्य आहे. स्नेलने त्या मोसमात एकदाही सहा डाव पूर्ण केले नव्हते, हेही खरं. आणि पगाराच्या बाबतीत गरिबातल्या गरीब रेजने त्या छोट्या मोसमात ६० पैकी ४० सामने जिंकले ते याच हिशेबी पद्धतीवर. पद्धत फालतू नाही.

माझं भांडण वेगळं आहे. हिशेब करायचा तर पुरा करा. तिसऱ्यांदा येणारा फलंदाज जास्त मारतो ही सरासरी झाली, सगळ्या पिचरांची आणि सगळ्या दिवसांची. तिच्यात दमलेले, घसरलेले, नव्वद चेंडू टाकून हात जड झालेले सगळे आले. ७३ चेंडूंवर नऊ जणांना गारद केलेला स्नेल त्या सरासरीत किती बसतो? आणि तुलना कोणाशी करायची? थकलेल्या स्नेलची ताज्या अँडरसनशी नव्हे. त्या दिवशीच्या स्नेलची त्या दिवसांतल्या अँडरसनशी. मोसमात अँडरसन जबरदस्त होता, पण बाद फेरीत सामन्यामागून सामना धावा देत आला होता. तो आकडाही त्याच वहीत होता ना? तो पान उलटून बाजूला का ठेवला? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं याला विज्ञान म्हणत नाहीत.

कॅशने सामन्यानंतर तोंड लपवलं नाही, याचं श्रेय देतो. पण म्हणाला काय, तर निर्णय फसला म्हणून पश्चात्ताप आहे, विचार मात्र बरोबरच होता. नेमकी इथेच माझी नस तडकते, कारण हे वाक्य मी स्वतः बोललेलो आहे.

एका सरावात रेडिओ लिंक सांभाळायला माझ्याकडे चार ऑपरेटर होते. चार-चार तासांची पाळी, चार्ट मी बनवलेला, भिंतीवर लावलेला. वाळूचं वादळ उठलं, आवाज फाटायला लागला. त्या वेळी सेटवर एक लान्स नायक होता. तो त्या खरखरीतून शब्द असे वेचत होता, जशी आई तांदळातले खडे वेचते. चार तास झाले. मी घड्याळ पाहिलं, चार्ट पाहिला आणि त्याला उठवलं. तो एवढंच म्हणाला, "उस्ताद, मैं ठीक हूँ." मी म्हटलं, "नियम है." त्याने हेडसेट काढून पुढच्याच्या हातात दिला. पुढचा पोरगा दोन दिवस तापातून उठलेला, हे मला माहीत होतं. दहा मिनिटांत लिंक गेली आणि जवळजवळ अर्धा तास आली नाही. नेमकी त्याच वेळी आमची परीक्षा चालू होती.

साहेबांनी विचारलं, "बदला क्यों?" मी सांगितलं, "साहब, चार्ट में था." ते म्हणाले, "चार्ट ने हटाया, या तुमने?"

मला उत्तर देता आलं नाही. सराव होता म्हणून निभावलं. खऱ्या वेळी ते अर्ध्या तासाचं मौन कोणाच्या तरी घरी तार होऊन पोचलं असतं. चार्टचा सगळ्यात मोठा फायदा कोणता, तर चूक झाली की तो पुढे करता येतो. म्हणून तो आवडतो.

आता कोणी म्हणेल, मग २००३ चं काय? रास्त प्रश्न आहे. १६ ऑक्टोबर २००३, बोस्टन विरुद्ध यांकीज, सातवा सामना. आठव्या डावात बोस्टन ५-२ ने पुढे. पेद्रो मार्टिनेझ दमला होता. जीटरचा डबल, विल्यम्सचा हिट, एक धाव गेलेली. मॅनेजर ग्रेडी लिटल चालत आला, पेद्रोशी बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परत गेला. मग मात्सुईचा डबल, पोसाडाचा डबल, ५-५. अकराव्या डावात बोस्टन हरलं आणि लिटलची नोकरी गेली. आकडेवाले आजही ही गोष्ट ढाल म्हणून वापरतात: बघा, भावनेवर चाललं की असं होतं.

पण नीट बघा. पेद्रोचे चेंडू शंभरावर गेले होते आणि फटके पडत होते. डोळे सांगत होते काढा, आकडे सांगत होते काढा. लिटलने दोघांचंही ऐकलं नाही, त्याने नाव ऐकलं. कॅशने सरासरी ऐकली. समोरचा माणूस दोघांनीही पाहिला नाही. दोन्ही चुका सख्ख्या बहिणी आहेत.

राहिला बेट्सचा सौदा. बोस्टन क्लबचा युक्तिवाद असा, की पगाराची बेरीज ठरावीक रेषेवर गेली की लीगला दंडकर भरावा लागतो, आणि बेट्सचा करार वर्षभरात संपणारच होता, तर फुकट जाण्यापेक्षा तीन पोरं मिळवलेली बरी. छोट्या शहराच्या कफल्लक संघाने हे केलं तर मी मान डोलावतो. पण बोस्टन? या खेळातल्या सगळ्यात श्रीमंत घरांपैकी एक! डॉजर्सनी त्याच जुलैत बेट्सला १२ वर्षांसाठी ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार दिला. तीन पोरांपैकी डाउन्स बोस्टनकडून मोजके सामने खेळला आणि २०२२ च्या अखेरीस सोडून दिला गेला. व्हर्डुगो चांगला खेळला, पण २०२३ च्या डिसेंबरात यांकीजकडे गेला. वाँग तेवढा राहिला. आणि बेट्सने डॉजर्सबरोबर २०२०, २०२४, २०२५ अशी तीन अजिंक्यपदं जिंकली. पैसे वाचवले असतील तर तसं सांगा. पैसे वाचवून त्याला डावपेच म्हणू नका.

बदलीबद्दल मी तक्रार करणं हास्यास्पद आहे, हे मला कळतं. माझ्या मुलीने आठवीपर्यंत पाच शाळा पाहिल्या. फौजेत ऑर्डर आली की ट्रंक भरायची. पण मी सही करताना हे जाणून केली होती आणि ती ऑर्डर देशाच्या गरजेसाठी असते, कोणाच्या ताळेबंदासाठी नाही. बेसबॉलमध्येही एकाने हा प्रश्न विचारला होता. कर्ट फ्लड, सेंट लुईसमध्ये १२ मोसम खेळलेला. १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो गेला नाही, कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला, कारकीर्द तर आधीच संपली होती. पण त्यानंतर नियम आला: लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या मर्जीविरुद्ध पाठवता येत नाही. फ्लडला स्वतःला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

शेवटी गेल्या वर्षीचं. डॉजर्सकडे हिशेबनीसांची फौज आहे. तरी २०२५ च्या अंतिम मालिकेत दुसऱ्या सामन्यात योशिनोबु यामामोतोला त्यांनी नऊच्या नऊ डाव टाकू दिले, १०५ चेंडू. सहाव्या सामन्यात तो ९६ चेंडू टाकून जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी, सातव्या सामन्यात, परत येऊन शेवटचे आठ बळी त्यानेच मिळवले. हे रोज करू नये. पिचरचा कोपर फाटतो, शस्त्रक्रिया होते, वर्ष जातं. साखळीच्या सामन्यात चार्ट पाळा, मीच आधी टाळी वाजवेन. पण ज्या दिवसानंतर दिवसच नाही, त्या दिवशी हात कशासाठी राखून ठेवायचा?

माझे चार्ट आजही भिंतीवर असतात. फक्त खाली लाल पेनाने एक ओळ असते: "बदलने से पहले आदमी देखो." तो लान्स नायक आता नायक आहे, दुसऱ्या युनिटमध्ये. त्याची मी त्या वेळी माफी मागितली नव्हती. मागच्या दिवाळीला फोन करून मागितली. तो हसला, म्हणाला, "उस्ताद, चार्ट में था ना."

ते हसणं मला अजून टोचतं.