फोन विकला, आत कोण कोण गेलं?

सुरुवातीलाच एक कबुली देते. गेल्या सेमिस्टरला माझा फोन हॉस्टेलच्या बादलीत पडला आणि कायमचा झोपला. कामचलाऊ म्हणून भिवंडीतल्याच एका दुकानातून सेकंडहँड फोन घेतला. ‘मेमरी कार्ड आतच आहे, फ्री!’ असं दुकानदार मोठ्या कौतुकाने म्हणाला. रूमवर येऊन गॅलरी उघडली, तर समोर कुणाच्या तरी घरचा साखरपुडा! पुढे आधार कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, शाळेच्या गणवेशातली एक छोटी मुलगी...

कबुली ही, की मी लगेच बंद केलं नाही. चांगले दहा-बारा फोटो पाहिले. मी काही चोर नाही, तरी पाहिले. मग जो खरंच चोर असेल, तो काय करेल?

कार्ड फॉरमॅट केलं, पण झोप येईना. कारण बारावीनंतर मीसुद्धा जुना फोन बाराशे रुपयांना विकला होता. तेव्हा फक्त ‘सिलेक्ट ऑल, डिलीट’ केलं होतं. त्यात आईचे हॉस्पिटलचे रिपोर्ट होते, बाबांचं पॅन कार्ड होतं, दोन मैत्रिणींच्या मार्कशीट होत्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. ‘माझ्या फोनमध्ये लपवण्यासारखं आहेच काय?’ असं आपण छाती ठोकून म्हणतो. पण फोनमधलं सगळं आपलं असतं कुठे? पैसे आपल्याला मिळतात आणि उघडे पडतात आई-बाबा आणि रूममेट. त्यांना कुणी विचारलं?

आपण इंजिनीअर होणार, तेव्हा ‘डिलीट’ म्हणजे काय हे तरी नीट समजून घेऊ. लायब्ररीच्या यादीतून पुस्तकाचं नाव खोडलं म्हणून पुस्तक कपाटातून नाहीसं होत नाही. त्या जागी दुसरं पुस्तक येईपर्यंत ते तिथेच असतं. साध्या मेमरी कार्डाचं तसंच आहे. जुन्या फोनचा तर ‘फॅक्टरी रीसेट’सुद्धा कच्चा होता. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २१ वापरलेले अँड्रॉइड फोन तपासले आणि रीसेटनंतरही त्यांतून माहिती परत मिळते, हे २०१५ मध्ये दाखवून दिलं. आताच्या फोनमध्ये माहिती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असते. रीसेट केलं की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. त्यामुळे आज रीसेट खरोखर उपयोगाचा आहे. पण तो करायला तर हवा! आणि मेमरी कार्ड सहसा त्यात पुसलं जात नाही, ते आधी काढून घ्यावं लागतं.

आपल्या भिवंडीत काहीच वाया जात नाही. यंत्रमागाच्या चिंध्या, सुताचे रिकामे कोन, गोदामातले पुठ्ठे, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण जुन्या फोनला वेगळंच गिऱ्हाईकही असतं. तेलंगणात रामगुंडम पोलिसांनी २०२४ मध्ये तिघांकडून सुमारे ४,००० जुने मोबाइल पकडले. गावोगाव फिरून गोळा केलेले हे फोन सायबर ठगांकडे जाणार होते, असं पोलिसांचं म्हणणं होतं. आपल्याकडे दारावर जुन्याच्या बदल्यात भांडी देणारे येतात, तेव्हा आई फोन पुढे करायच्या आधी आपल्याला विचारेल, एवढं तरी घरी सांगून ठेवा.

करायचं काय? हवं ते दुसरीकडे उतरवून घ्या. यूपीआय आणि बँकेच्या अ‍ॅपमधून नोंदणी काढा. गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडा. सिम आणि कार्ड काढा. मग रीसेट. वीस मिनिटांचं काम! टच गेलाय पण स्क्रीन दिसतेय? बऱ्याच अँड्रॉइड फोनना ओटीजी पिनने माऊस जोडता येतो. नंबरही सोडणार असाल तर आधी बँकेत आणि आधारला नवा नंबर द्या. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो.

आता थोडं सरांना आणि मॅडमना. ऑफिसचे जुने कॉम्प्युटर भंगारात निघतात, तेव्हा हार्ड डिस्कचं काय होतं? आमचे प्रवेश अर्ज, जातीचे दाखले, घरचे पत्ते त्यात असतात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्येच केलाय. पण कायद्याचं नाव कशाला काढायचं? सेमिस्टर संपताना कॉमन रूममध्ये एक टेबल मांडू. एक माऊस, दोन केबल आणि आमच्यातले दोघे जण. हॉस्टेलची मुलं, मेसचे काका, वॉचमन दादा, कुणीही यावं आणि फोन पुसून न्यावा. सिव्हिलवाल्यांनाही प्रवेश आहे!

मागच्या रविवारी आईला हे सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे माझे रिपोर्ट अजून कुणाकडे तरी असतील?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हा लेख.